न धुतलेला शर्ट

ता. १४, रविवार

ताईस,

मी बरा आहे. जेवण वेळेवर मिळतं, झोपही होते. दाजींचा गुडघा कसा आहे? ढमीचा पुढचा दात आला का? मामाने विचारलंय म्हणून सांग तिला.

फोन करता आला असता. पण फोनवर तू "हं, पुढे?" म्हणालीस की मी थाप मारून मोकळा होतो. कागदावर ती थाप समोर बसून राहते, बघत. आणि अक्षराला हसू नकोस. सातवीपर्यंत माझा अभ्यास तूच लिहायचीस, माझा हात वळला नाही तो तुझ्यामुळेच.

प्राण्यांच्या आश्रयघरातली ती तपकिरी कुत्री आणू का, असं तू विचारलंस. माणसाचा हात दिसला की कोपऱ्यात जाते, म्हणून तिला कोणी नेत नाही, आणि ढमीच्या हातून तेवढं बिस्किट खाते, म्हणालीस. मी खेकसलो. "हवालदाराची जागा अजून गार झाली नाही आणि तुला दुसरं कुत्रं सुचतंय?" तीन रविवार झाले, ते मनातून जात नाही.

पिल्लू असताना गटारातून त्याला मी काढलं, पण घरी आणलं ते तुझ्या दप्तरातून. आई म्हणाली, "या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी." दोघंही राहिले. महिन्याभरात ती मनातलं सगळं त्यालाच सांगायला लागली, आपल्या वाट्याला नुसतं ओरडणं. येईल त्याचे पाय हुंगून झडती घ्यायचा, म्हणून हवालदार. दाजी पहिल्यांदा घरी आले तेव्हा पाव तास दारातच उभे होते बिचारे!

मी इकडे निघालो तेव्हा त्याला तुझ्याकडे सोडलं आणि माझा मळका शर्ट त्याच्या गोणपाटावर टाकला होता. पायाला भिंगरी माझ्या, वाट बघणं त्याच्या नशिबी. दोन वर्षांत शर्टातला वास उडाला. मग त्याने खाणं सोडलं आणि तू सांगितलंस, "आठवडाभर अंगात घातलेला शर्ट पाठव. धुऊ नकोस. डॉक्टर म्हणतात आता फार दिवस नाहीत." खोलीतला जोडीदार गावी निघाला होता, त्याच्याबरोबर पाठवला. तू कळवलंस, हुंगला, तोंड फिरवलं आणि पुन्हा दाराकडे बघत पडला. "रुसलाय रे तुझ्यावर." मीही म्हणालो, "रुसू दे, आल्यावर काढीन समजूत." चौथ्या दिवशी तो गेला.

ताई, तो रुसला नव्हता. तो शर्ट मी धुतला होता.

मी ऑफिसात बसतो, हजेरी घेतो, हे सगळं खोटं आहे. हा धुलाईचा कारखाना आहे आणि मी ओल्या खोलीत असतो. दवाखान्यांच्या चादरी गाड्या भरून येतात, त्या यंत्रात कोंबायच्या, ओल्याच ओढून काढायच्या. ब्लीचने माझ्या प्रत्येक शर्टाला भोकं पडलीत, बोटांची सालं निघतात. तिकडे दाजी सगळ्यांना सांगत फिरतात, मेव्हणा साहेब झाला. तसला शर्ट कसा पाठवू? म्हणून नवा आणला, आठवडाभर घातला. तर त्यालाही माझ्या अंगाचा ब्लीचचा वास लागला. मग धुतला. दोनदा. कडक इस्त्री करून घडी घातली. त्याला कळेल की नाही, हा विचार आला होता मनात. आला नव्हता असं नाही. पण आधी दाजींचं तोंड डोळ्यांसमोर आलं.

शेवटची झडती घेतली त्याने, आणि त्यात मी सापडलो नाही.

इथे दिवसभर दुसऱ्यांच्या अंगाचे वास धुऊन काढतो. आपल्या माणसाच्या वासासाठी कुणीतरी त्या चादरी हुंगून बघितल्या असत्या का, असं हल्ली वाटतं. जोडीदार म्हणतो, "चादरी मोज, नाहीतर येडा होशील."

तपकिरीला घेऊन ये. हात लगेच पुढे करू नकोस, ढमीलाच पुढे बसू दे.

या पत्राबरोबर शर्ट आहे. नऊ दिवस घातलाय. भोकं आहेत, कॉलर काळी आहे, दाजींना दिसली तर दिसू दे. एक बाही काप आणि मागच्या भिंतीशी, जिथे त्याला पुरलंय तिथे, मातीत घाल. उशीर झालाय, कळतं मला. तरी घाल. उरलेला तपकिरीच्या अंगाखाली टाक. ती माझी वाट बघणार नाही, तिला मी माहीतच नाही. पण कधी आलोच, तर दारात अनोळखी नको ठरायला.

कधी येतोस ते विचारू नकोस. विचारलंस तर पुन्हा खोटं बोलेन.

शर्ट धुऊ नकोस, ताई.

तुझा,
ओल्या खोलीतला भाऊ