दाबली, वाजली, पास

२ जून, सोमवार. सकाळी, चहाच्या आधी.

ठरलं. नोकरी सोडायची. एवढा मोठा निर्णय नुसता डोक्यात ठेवणं बरं नव्हे, म्हणून आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही.

कारण एकदाच लिहून टाकतो. दारावरच्या बेलच्या कारखान्यात, चाचणी विभागात, मी एकवीस वर्षं बेल दाबतोय. दाबायची, कान द्यायचा, वाजली की पास, बरोबरची खूण, पुढची घ्यायची. टिंगटाँगवाली, चिमणीवाली. मधे बाळाच्या रडण्याची एक काढली होती, ती बंद झाली. लोक दार उघडायच्या आधी दूध तापवायला धावायचे. एवढ्या बेल दाबल्या, पण समोरचं दार एकदाही उघडलं नाही. समोर दारच नाही. भिंत आहे. माणसाने जन्मभर भिंतीला बेल वाजवायची म्हणजे काय?

पुढचा बेत तयार आहे. निर्भय वक्तृत्व वर्ग. चारचौघांत ज्यांची बोबडी वळते त्यांना बोलतं करायचं. मी कुठे शिकायला गेलो नाही, आपलं आपण, आरशासमोर उभं राहून शिकलो. कारखान्यात कुणाचाही निरोप असो, भाषण माझंच. गेल्या खेपेला स्टोअरकीपरना असा हुंदका फुटला की ते जायचंच रद्द करणार होते.

राजीनामा लेखी देणार नाही. वक्त्याने चिठ्ठी लिहायची म्हणजे गवयाने गाणं पोस्टाने पाठवायचं. साहेबांच्या केबिनमध्ये जायचं आणि तोंडावर सांगायचं. आजच.

संध्याकाळी.

गेलो. केबिनच्या बाहेर आपल्याच कारखान्याची बेल आहे, टिंगटाँग, मोठी. दाबली. आवाज फर्मास. ‘टाँग’ जरा लांबतो, पण साहेबाच्या बेलला ते शोभून दिसतं. समाधान वाटलं. जागेवर येऊन बसलो.

डबा उघडताना आठवलं, राजीनामा राहिला. हरकत नाही. सुरुवात तर झाली.

३ जून, मंगळवार.

परत गेलो. दाबली. वाजली. परत आलो. जिन्यात लक्षात आलं. पुन्हा वर गेलो. दाबली. वाजली. पुन्हा खाली. पाय आपले आपण वळतात. शिस्त म्हणतात ती हीच.

घरी सौ.ला सांगितलं. म्हणते कशी, अहो, बेल दाबली की तिथे उभं राहायचं असतं, शेंबडं पोरसुद्धा सांगेल. म्हटलं, तू कधी कारखान्यात काम केलं नाहीस. म्हणाली, नाही केलं, पण या घरात राहते मी, आणि या घराची बेल कित्येक वर्षं बंद आहे. आल्यागेल्याला कडी वाजवावी लागते, तेवढी बघा आधी.

विषय भलतीकडे न्यायची तिची जुनी खोड.

५ जून, गुरुवार.

साहेबांची बेल आपोआप वाजते अशी कुजबुज आहे. दार उघडावं तर बाहेर चिटपाखरू नाही. साहेबांनी टेबल फिरवून घेतलंय, आता दाराकडे पाठ करून बसत नाहीत. चेहरा पार उतरलाय बिचाऱ्यांचा. अशा मनःस्थितीतल्या माणसाला राजीनामा द्यायचा? माझ्याने नाही होणार. माणुसकी म्हणून थांबतो.

९ जून, सोमवार.

साहेबांची बेल उतरवून तपासायला माझ्याकडेच पाठवली. पाहिल्याबरोबर ओळखली. दाबली, वाजली, पास. खाली शेरा मारला : बेल निर्दोष. दोष दाबणाऱ्यात असावा. खरं ते लिहायला आपण कुणाच्या बापाला भीत नाही.

शेजारच्या टेबलावर पॅकिंगवाल्या ताई असतात. बाई कामाला वाघ, बोलायला शून्य. त्यांनी शेरा वाचला आणि म्हणाल्या, टिंगटाँगकाका, तो दाबणारा सापडला तर हो? (कारखाना मला याच नावाने ओळखतो. आदर आहे.) म्हटलं, सापडू दे की, चांगला फैलावर घेऊ. ताईंना एकदम खोकल्याची उबळ आली. खोक्यांची धूळ फार असते.

११ जून, बुधवार.

माझा शेरा साहेबांना एवढा पटला की दाबणाऱ्याला शोधायला त्यांनी चौकशी समिती नेमली. अध्यक्ष मी. सदस्य कुणी नाही. साहेब स्वतः खाली आले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, हे काम तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. मी हिय्या करून म्हटलं, साहेब, मला जरा बोलायचं होतं. म्हणाले, आता जे काय बोलायचं ते अहवालात.

अध्यक्षपद मधेच टाकून पळणारा माणूस मी नव्हे. राजीनामा चौकशीनंतर.

एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवतो. मीही ती बेल दाबली आहे. पण मी गेलो होतो राजीनामा द्यायला. उगाच दाबून पळणारा कुणी दुसराच असणार.

१६ जून, सोमवार.

चौकशी जोरात. एकेकाला बोलावून विचारलं. जो तो माझ्याकडे बघून हसतो. अपराधी माणूस हसून वेळ मारून नेतो, असं वाचलंय कुठेतरी. म्हणजे सगळा कारखानाच यात सामील दिसतो.

बेल पुन्हा जागेवर बसवली आहे. दिवसभर केबिनबाहेरच्या कपाटाआड पाळत ठेवली. कुणी फिरकलं नाही. निघता निघता बेल एकदा तपासून घेतली. वाजली. आतून साहेब ओरडले. मी जिना उतरून खाली आलो होतो, त्यामुळे आजही तो हातचा निसटला.

१९ जून, गुरुवार.

वर्गाचा श्रीगणेशा! जेवणाच्या सुट्टीत ताईंनी मन मोकळं केलं. त्यांनाही नोकरी सोडायची आहे. शिवणाचं दुकान काढायचंय, मशीन घेऊन ठेवलंय, पण साहेबांसमोर जायचं म्हटलं की तोंडचं पाणी पळतं. म्हटलं, अहो, एवढंच ना! आणि तिथल्या तिथे पहिला धडा दिला. बेल वाजवायची. दार उघडेपर्यंत जागचं हलायचं नाही. उघडलं की एक पाऊल आत. पहिलं वाक्य छोटं : साहेब, मी चालले. पुढचं आपोआप सुचतं.

ऐकताना माझाच मला हेवा वाटला. किती सोपं करून सांगतो मी.

२० जून, शुक्रवार.

ताई गेल्या, उभ्या राहिल्या, बोलल्या आणि सुटल्या. बेल वाजल्यावर दाराबाहेर हाडामांसाचा माणूस दिसला, याचाच साहेबांना इतका आनंद झाला की त्यांनी ऐकायच्या आधीच हो म्हटलं.

लगोलग निरोप. भाषण अर्थात माझं. विषय, धाडस. ताई रडल्या, मी जास्त रडलो. शेवटी माझे हात धरून म्हणाल्या, काका, आता तुमचा नंबर हं. टाळ्या पडल्या. साहेबांनीही वाजवल्या. त्यांना वाटलं, अहवाल देण्याचा नंबर.

ताईंची जागा भरेपर्यंत पॅकिंगही माझ्याकडे. थोड्याच दिवसांचा प्रश्न आहे.

२५ जून, बुधवार.

अहवाल दिला. निष्कर्ष : दाबणारा हा अनुभवी, हलक्या पावलांचा, बेलची उत्तम जाण असलेला सद्गृहस्थ असून तो बाहेरचा आहे.

साहेबांनी वाचला आणि बराच वेळ माझ्याकडे बघत बसले. हीच ती वेळ. मी आत, दार बंद, समोर साहेब. त्यांनी विचारलं, अजून काही सांगायचंय? एक पाऊल पुढे टाकलं. छोटं वाक्य तयार होतं. तोंड उघडलं तर बाहेर पडलं, साहेब, तिचा ‘टाँग’ जरा लांबतोय. म्हणाले, मग दुरुस्त करा, आणि आता रोज सकाळी येऊन तपासत जा.

एका परीने बरंच झालं. रोज संधी मिळेल.

घरी सांगितलं. सौ.चा वाढताना हात थांबला. म्हणाली, नसेल सोडवत तर नका सोडू, मी एका शब्दाने बोलणार नाही. पण तुम्ही झोपेत उशी दाबता आणि पास म्हणता हो. ते बघवत नाही मला.



२७ जून, शुक्रवार.

नवा बेत, पहिल्यापेक्षा पक्का. आधी वर्ग, मग राजीनामा. रविवारी साडेचारला पहिला वर्ग, मेहुण्याच्या रिकाम्या दुकानात. मेहुणा म्हणाला, भावोजी, पाच माणसं जरी आली ना, तर मी स्वतः तुमच्या साहेबांना फोन लावतो. तुम्ही तोंडच उघडू नका. अपमानच आहे, पण सोयीचा. सौ. म्हणाली, माणसं मी जमवते. तिचा आवाज बऱ्याच दिवसांनी असा ऐकला.

दुकानाच्या दाराला नवी बेल लावली, चिमणीवाली. खाली पाटी : दार ठोठावू नये. बेल वाजवावी.

२९ जून, रविवार.

खुर्च्या मांडल्या, पुसल्या. कडी लावून घेतली. वर्ग म्हटला की शिस्त हवी. काचेत बघून भाषण एकदा म्हटलं. अंगावर काटा आला.

साडेचारला बेल वाजली. काय गोड! चिमणी खिडकीत येऊन बसल्यासारखी. खूण केली. पास. जरा वेळाने पुन्हा वाजली. पास. मग लागोपाठ. शेवटी कुणीतरी बटण चांगलंच दाबून धरलं, चिमणीचा घसा बसायची वेळ आली, पण टिकली पठ्ठी. पास.

सहापर्यंत वाट पाहिली. एक विद्यार्थी फिरकेल तर शपथ. लोकांना शिकायची हौसच उरली नाही. बेल मात्र मी सुरेख बसवली आहे.

घरी आल्यावर.

दार उघडलं तर घर माणसांनी भरलेलं. ताई, त्यांच्या नव्या शिवणाच्या दुकानातल्या दोघी, त्यांच्या ओळखीचे आणखी तिघे, शिवाय मेहुणा. सौ.ने सगळ्यांना चहा दिलेला. ताई म्हणाल्या, काका, दार उघडेपर्यंत हलायचं नाही असं तुम्हीच शिकवलं होतं. आम्ही अर्धा तास हललो नाही.

मेहुण्याने हातातला फोन खिशात ठेवला. आपल्या घराची बेल बंद, यांनी कडी वाजवली आणि मी लगेच उघडलं, एवढंच सौ. म्हणाली. मग कपबशा गोळा करून आत गेली.

३० जून, सोमवार.

आज मात्र कुणाचं ऐकायचं नाही असं ठरवून निघालो. केबिनपाशी गेलो. दाबली. वाजली. पाय वळायला लागले, त्यांना धरून ठेवलं. भिंतीला हात टेकला. हललो नाही. छोटं वाक्य ओठांवर. एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी दार उघडायची वाट पाहत उभा होतो.

दार उघडलं नाही. आतून साहेब ओरडले, वाजली हो काका, छान वाजली! पास!

खूण केली आणि खाली आलो.