दहाचा पाना

बाबा, तुमची जीप आज भंगारात गेली. चिखलीहून दोघं जण आले, तिला साखळी लावली आणि ट्रॅक्टरच्या मागे ओढत नेली. मला वाईट वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे काही गोड येईल अशी वाट तुम्ही पाहणार नाही. तुम्ही जाऊन अकरा वर्षं झाली. तेव्हापासून ती अंगणात उभी होती. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालायच्या, आणि आई रोज सकाळी डाव्या हातानं तिच्या बोनेटवरची धूळ पुसायची. आता तुम्ही म्हणाल, उजवा हात काय झाला? तुम्हाला चांगलं माहीत आहे काय झाला ते.

अमडापूरच्या स्टँडजवळचं तुमचं पत्र्याचं गॅरेज अजून आहे. त्यात आता मोबाईलचं दुकान चालतं. पण वरचा बोर्ड त्यांनी काढला नाही, नुसता उलटा करून लावलाय. मागून वाकून पाहिलं तर तुमची लाल अक्षरं दिसतात: येथे फक्त देशी गाडीचे काम होईल. काय तोरा होता तुमचा त्या बोर्डावर. एकदा उन्हाळ्यात एक कुटुंब आलं होतं, बाहेरच्या कंपनीची गाडी, पट्टा तुटलेला. बाई घामाघूम, मागे तान्हं लेकरू रडतंय. तुम्ही मला तांब्या भरून पाणी द्यायला लावलंत आणि त्या माणसाला म्हणालात, "पाणी पाजू साहेब, पाना नाई लावू. चिखलीले पाहा." पट्टा बसवायला दहा मिनिटं लागली असती. तो माणूस उन्हात गाडी ढकलत गेला आणि तुम्ही हात पुसत गावभर सांगत सुटलात. लोक हसले, तुम्हाला वाटलं वाहवा करतात. गावात तुमच्यासारखा हातगुणी मिस्त्री नव्हता, हेही खरंच. म्हणूनच जास्त राग येतो.

मग मी गाडी घेतली. कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागून चौथं वर्ष, पांढरी छोटी गाडी, बाहेरच्या कंपनीची. मला तीच परवडली आणि तीच आवडली. आई ताट घेऊन दारात उभी, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. तुम्ही लांबच उभे. अजून दिसता तसेच, हातात तेलकट चिंधी, डोळे गाडीवर नाहीत, माझ्यावर. "कोनाची हाये हे?" मी म्हटलं, माझी. "तुही कशी? पैसा तं परक्याच्या घरी गेला. आपल्या पोराईनं कारखान्यात काय करावं मंग, माशा माराव्या?" मी सांगितलं, ही तमिळनाडूत बनते, आपलीच पोरं बनवतात. तुमच्या जीपचा मूळ नकाशासुद्धा गोऱ्यांचा आहे. आणि तुमच्या खिशातला मोबाईल कुठून आला, तो चीनचा नाही का? तुम्ही खिशातून मोबाईल काढलात, मी तुम्हाला दिवाळीत दिलेला, आणि माझ्या नव्या गाडीच्या बोनेटवर ठेवून आत निघून गेलात. परत कधी त्याला हात लावला नाहीत. दसऱ्याला गावातल्या पन्नास गाड्यांना तुम्ही झेंडू बांधायचात, परक्यांच्या ट्रॅक्टरलाही, फक्त माझ्या गाडीला नाही. बाप असून.

आता खंडेनवमी. तुम्हाला वाटत असेल, कशाला उकरून काढते. काढणारच. सकाळी तुम्ही गॅरेजातली सगळी हत्यारं घरी आणली होती, दरवर्षीसारखी. जीपमधली पेटीसुद्धा रिकामी केली. पाटावर फडकं, फडक्यावर पाने, पक्कड, हातोडे लहानापासून मोठ्यापर्यंत ओळीनं, वर हळदकुंकू आणि झेंडू. आज यांना हात लावायचा नाही, यांचा विसावा. आई चुलीपाशी पुरणाची डाळ घोटत होती. मी कणीक मळत होते. तिच्या हातातली पळी पडली. तिनं उचलायला हात नेला आणि हात गेलाच नाही. माझ्याकडे पाहून ती काही म्हणाली, तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं, शब्द कळले नाहीत. मला लगेच कळलं काय आहे ते. माझी गाडी दारात, तोंड रस्त्याकडे, किल्ली कमरेला. मी म्हटलं, बाबा, उचला तिला, माझ्या गाडीत घाला. आणि तुम्ही म्हणालात, "जीप काढतो." मी ओरडले. तुम्ही शांत. "माही बायको हाये. माह्या गाडीत जाईन."

शेजारच्या काकू जीपमध्ये मागे बसल्या, आईचं डोकं मांडीवर घेऊन. मी मागून माझ्या गाडीत. चिखलीच्या अर्ध्या रस्त्यात, आजूबाजूला नुसतं सोयाबीन, तुमची जीप दोन आचके देऊन बंद पडली. डिझेलच्या नळीत हवा शिरली होती. शेंबड्या पोराला माहीत असलेलं काम, एक नट सैल करायचा, हवा काढायची, नट आवळायचा. दहाचा पाना पाहिजे. आणि बाबा, तुमच्याकडे पाना नव्हता. अख्ख्या तालुक्याला पाने पुरवणारा माणूस, आणि सगळे पाने घरी पाटावर फुलं पांघरून विसावा घेत होते. माझ्या गाडीत फक्त चाकाचा पाना. तुम्ही तो नट बोटांनी फिरवत राहिलात, बोटांची सालं निघाली. "दोन मिनिटं, हवा काढून राह्यलो." असा अर्धा तास गेला. शेवटी मीच काकूंच्या मदतीनं आईला माझ्या गाडीत आणलं. तेव्हा तरी बसाल असं वाटलं होतं. तुम्ही म्हणालात, "तू ने तिले. मी गाडी रस्त्यावर टाकून येत नाई."

चिखलीच्या डॉक्टरांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, थोडं आधी आणलं असतं तर हात वाचला असता. हे वाक्य मी तुम्हाला तेव्हा सांगितलं होतं, आज परत सांगते. आई वाचली. पण ज्या हाताच्या भाकरीसाठी माझ्या मामाच्या गावचे लोक वाट वाकडी करून यायचे, तो हात तेव्हापासून मांडीवर पडून असतो. बोलणंही एकेक शब्दाचं. तिचं न्हाणंधुणं मी करते, वेणी मी घालते. आणि तुम्ही त्यानंतर दोन वर्षं जगलात, तपासणीला तिला मी न्यायची, तुम्ही एसटीनं मागून यायचात. गेलात तेही घरातच, झोपेत. चौघांच्या खांद्यावर. माझ्या गाडीत बसायची वेळ शेवटपर्यंत येऊ दिली नाहीत.

हे सगळं मी गिळलं होतं. म्हटलं, हेकट होता, पण सच्चा होता माणूस. देशासाठी म्हणा, कशासाठी म्हणा, एका गोष्टीला धरून राहिला. आज सकाळी त्या भंगारवाल्यानं जीपचं बोनेट उघडलं, इंजिनावरचा चिकटा डिझेलनं पुसला, आणि हसला. "ताई, हे तं जपानी इंजिन हाये." मी म्हटलं, शक्य नाही. त्यानं बोट ठेवून दाखवलं. कंपनीची उठावदार अक्षरं कानशीनं घासून सपाट केलेली, वर काळा रंग. पण खालच्या अंगाला जपानी कंपनीच्या नावाची एक पट्टी राहून गेली होती, तिथं कानस पोचली नसावी. तुमची कानस, बाबा. घासायची तुमची पद्धत मी ओळखते, आडवी, एकाच दिशेनं. देशी इंजिन जाम झालं असेल, कुठल्याशा बाजारातून हे जुनं आणून बसवलं असेल, चाललंही झकास असेल. मग बोर्ड कशाला? मग ते तान्हं लेकरू उन्हात कशाला? माझा मोबाईल, माझा झेंडू, माझ्या आईचा हात, हे सगळं कशापायी?

मी आईला विचारलं. ती ओट्यावर बसून जीप जाताना पाहत होती. "हाव," म्हणाली. "मालूम व्हतं." कधीपासून? "तुही गाडी याच्या... लय आंधी." मग मला का नाही सांगितलं? ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली. "त्याईले मंग... बोर्ड पुसा लागला असता." म्हणून तिनंही तोंड शिवलं. तुमच्या बोर्डाची राखण आम्ही दोघींनी केली, एकीनं माहीत असून, एकीनं माहीत नसून.

आता एक सांगते, पण खूश होऊ नका. माझ्या गाडीची कंपनी गाशा गुंडाळून देशाबाहेर गेली. एक आरसा फुटला तर दीड महिना मिळाला नाही, शेवटी चिखलीच्या एका पोरानं देशी गाडीचा आरसा कापूनकोरून बसवला. परका शेवटी परकाच, असं तुम्ही म्हणाला असतात. म्हणा. तुमची गाडी आतून परकी, माझी गाडी वरून देशी, आणि आई मधल्या मधे.

हे पत्र कुठे पाठवायचं नाही. तुमची हत्यारं मी विकली, एक दहाचा पाना तेवढा ठेवला आहे, माझ्या गाडीच्या डिकीत. माझ्या गाडीला तो कधी लागलेला नाही. पत्र त्याच्याखाली ठेवीन. आणि एक राहिलं. तो अर्धा तास सगळा तुमचा नव्हता. जीप बंद पडली तेव्हा मी लगेच उतरले नाही. इंजिन चालू ठेवून मागे माझ्या गाडीतच बसून राहिले, काचेतून तुम्हाला वाकलेलं पाहत. मला वाटत होतं, आता याल. आता म्हणाल, पोरी, तुही गाडी आन. काकूंनी दोनदा वळून माझ्याकडे पाहिलं, तरी मी बसूनच होते. बाबा, तुमची जीप बंद पडली याचा मला आनंद झाला होता.