ट्रकचं साल

९ मार्च, डेस मॉइन्स
वर्ना बहिणीकडे ओमाहाला निघून गेली, त्याला महिना झाला. चूक तिचीच आहे, पण तोंडी सांगून पटत नाही. म्हणून कथा लिहून छापून आणायची आणि तिला पाठवायची. लायब्ररीतल्या कथा-वर्गात नाव घातलं. संकल्प: कथा पुरी होईपर्यंत बिअर नाही.

१२ मार्च
शिकवणारी मिस प्रुइट माझ्या मुलीच्या वयाची. आधुनिक अमेरिकन कथा वाचायला दिल्या. सगळ्यांत नवरा व्हिस्की पितो, बायको खिडकीबाहेर बघते, कोणीतरी फ्रिज उघडतं, संपली कथा. हे म्हणे अमेरिकेचं एकटेपण. डोंबलाचं. माझ्या कथेत शहाणा नवरा असेल. (वैताग आला की बिअर चालते.)

२० मार्च
कथा झाली. सासऱ्याच्या अंत्यविधीला बायको चर्चमध्ये बोलताना आपल्या बाबांच्या जुन्या ट्रकचं साल चुकवते. नवरा उभा राहून सगळ्यांसमोर दुरुस्त करतो. घडलं तसंच लिहिलंय, नावं तेवढी बदलली. वाचताना माझेच डोळे भरून आले.

२६ मार्च
माझ्या कथेवर चर्चा. नियम असा की चर्चा संपेपर्यंत लेखकाने तोंड उघडायचं नाही. चर्चच्या प्रसंगाला सगळे पोट धरून हसले. ट्रेंट नावाचा एक दाढीवाला म्हणाला, स्वतःचा मूर्खपणा न दिसणारा इतका झकास नवरा त्याने वाचला नव्हता. प्रुइटला माझा विनोद धाडसी वाटला. मी दातओठ खात गप्प. बोलायची पाळी आली तेव्हा म्हणालो, "हो, तसंच दाखवायचं होतं." गाढवांशी कोण वाद घालणार? शिवाय प्रुइट ही कथा एका मासिकाला पाठवणार आहे.

२ जून
छापून आली. विनोदी म्हणून. संपादकाला अक्कल नाही. वर्नाला अंक धाडला.

९ जून
वर्नाचा फोन. रडत होती.
"ओरिन, त्या दिवशी चर्चमध्ये मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. तुला ते कळलं होतं, हे मला कधी कळलंच नाही. मी शनिवारी घरी येते."
मला भरून आलं. पण गैरसमज ठेवणं माझ्या स्वभावात नाही. स्पष्ट सांगितलं, कथेतल्या नवऱ्याचं काहीच चुकलेलं नाही. "साल चौऱ्याहत्तरच होतं, वर्ना."
 मग फोन बंद. पटलं असावं.

१५ जून
शनिवारी वर्ना आली नाही. आज तिच्या वकिलाचा फोन आला. त्या अंकाच्या दोन प्रती हव्यात म्हणे. वाचक वाढतायत.