सीटखालचा स्विच

प्रिय मार्लिस,

सर्वप्रथम तक्रार, आणि ती गंभीर आहे. पार्सलवर तू चिकटपट्टीचा जो वज्रलेप चढवला होतास, तो फोडताना माझं एक नख आणि आईची भाजीची सुरी धारातीर्थी पडली. आत निघाला मोटरचा एवढासा कंट्रोलर. राजकन्येपेक्षा तटबंदीच मोठी!

असो. आपल्या डॅडच्या गवत कापायच्या विजेच्या ट्रॅक्टरवर तो यथाविधी बसवला. किल्ली, ब्रेक आणि सीटखालचा स्विच, तुझ्या कागदावर होते तसे तिघे एकाच वायरीवर ओळीनं. एकानं हात सोडला की गाडी ठप्प. डॅड शेजारी उभे राहून आशीर्वाद देत होते. "संस्कृतचा डॉक्टर ना तू? मग मेलेल्या भाषेत हवा तेवढा हात घाल, जिवंत वायरीत नको." सीटच्या स्विचवर तर विशेष राग. "या वयात मी बसलोय की नाही, हे माझ्या बुडाला विचारणार होय रे?"

गेल्या उन्हाळ्यातलं ते सोयीस्कर विसरतात. फांदी उचलायला उतरले, गाडी चालूच. आवाज नसल्यानं कळलंच नाही, आणि ती फिरत्या पात्यांसकट त्यांच्या बुटाला चाटून लायलॅकच्या झुडपात घुसली. म्हणून तर तू अट घातलीस की तीनही स्विच जोडल्याशिवाय किल्ली द्यायची नाही.

तर मी बसलो की गाडी गुणी बाळ. डॅड बसले की दहा पावलांवर, जरा उंचवटा आला की, बंद. दोन दिवस मी जोड उकलले, पुन्हा कथिलाचा डाक दिला, स्विच बदलला. माझ्याखाली चालते, त्यांच्याखाली थांबते! शेजारचा गॉर्डी कुंपणावरून म्हणाला, "प्रोफेसर, सीटच्या दोन वायरी एकमेकींना जोड आणि मोकळा हो. आम्ही सगळ्यांनी तेच केलंय." डॅड म्हणाले, "बघ, शिकलेला माणूस!" खरं सांगतो, पक्कड हातात घेतली होती मी.

इथवर लिहून उठलो, खिडकीतून पाहून आलो. डॅड आणि गॉर्डी मिळून कुठल्या वायरी जोडतील याचा नेम नाही, आणि गाडीला आवाज नाही, त्यामुळे दर दोन ओळींनी उठावं लागतं.

गुरुवारी मात्र ती डॅडना घेऊन अर्धा तास न थांबता चालली. मी खूश होऊन अंगणात गेलो. मे महिन्याच्या उन्हात डॅड हिवाळी कोट घालून बसलेले. कोटाखाली, मांडीवर, पाखरांच्या दाण्याची वीस पौंडांची गोणी. "पाखरांना फिरवून आणतोय," म्हणाले, आणि हसलेसुद्धा. उतरले तेव्हा पँट सावरत उतरले. पट्ट्याला खिळ्यानं पाडलेली तीन नवी भोकं होती.

मार्लिस, तुझ्या जोडणीत काही चूक नाही. ती सीटची स्प्रिंग धडधाकट डॅडसाठी होती, आणि आता तिला ते बसल्याचं कळत नाही. मी रोज समोर बसून जेवतो, मलाही कळलं नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं तर म्हणतात, "घरात एक आहे, तेवढा पुरे." ते तुझंच ऐकतात. वायरी मी जोडलेल्या नाहीत, किल्ली माझ्या खिशात आहे, आणि मला फार भीती वाटते आहे. तू ये.

तुझाच भाऊ,
ऑरिन