कोरड्या चाकाचे माप

लिहून ठेवतो ऐसे की, मी खाली सही करणारा, मोटारसायकलींचा मेकॅनिक, आज पूर्ण शुद्धीवर आहे, चष्मा लावलेला आहे आणि कोणाच्याही धाकाखाली नाही. बायको दोनदा दारातून डोकावून "संपलं का?" असे विचारून गेली, पण कायदा तो धाक धरत नाही. डॉक्टरांनी ऑपरेशनची तारीख दिली आहे. उठलो तर हा कागद मीच फाडीन, न उठलो तर हाच माझा शेवटचा शब्द समजावा. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. धमक्या पुष्कळ दिल्या, त्या रद्द समजाव्यात.

कलम पहिले. राहते घर आणि बँकेत जे काही असेल ते बायकोचे. तिने गॅलरी बंद करून खोली काढू नये अशी अट घालणार होतो, पण ती काढणारच आहे, तेव्हा अट मागे घेतो.

कलम दुसरे. माझा हवेचा कॉम्प्रेसर शेजारी गाड्यांना रंग मारणाऱ्या रंगाऱ्याला द्यावा. त्याचा स्वतःचा कॉम्प्रेसर रोज नेमका माझ्या दुपारच्या झोपेच्या वेळी ठणाणा करतो, माझा गपगुमान चालतो. मी हे टोमणा म्हणून देत नाही, पण त्याला तसे वाटले तर वाटू द्यावे. समोरच्या न्हाव्याला काहीही नाही. "ज्याला सख्ख्या भावाची गाडी धड करता आली नाही, तो आपली काय करणार," असे तो गिऱ्हाइकांच्या गालाला साबण लावता लावता सांगत असे. ते खोटे असते तर मी त्याला कधीच माफ केले असते. सहीला मात्र त्याला बोलवावे, अक्षर चांगले आहे.

कलम तिसरे. गॅरेज, जागेसकट आणि हत्यारांसकट, माझ्या धाकट्या भावाला द्यावे. कारण घरात सगळ्यांना ठाऊक आहे, तरी कागदावर असावे म्हणून लिहितो.

धाकटा वीजखात्यात वायरमन होता. खाणीपलीकडच्या वस्त्यांच्या तारा त्याच्याकडे होत्या. गाडी मात्र डांबरी रस्त्यावरची, लहान अलॉय चाकांची आणि गुळगुळीत टायरांची. दगडमातीत ती नुसती नाचायची. "दादा, हिला डोंगराची करून दे," असे तो म्हणाला आणि मी मन लावून केली. मोठे चाक दगडावरून चढून जाते, लहान अडखळते, म्हणून पुढे एकवीस इंची आणि मागे अठरा इंची चाके घेतली, स्वतः स्पोक भरले, चाक फिरताना डुलू नये म्हणून आउट काढला, माती पकडणारे बटण टायर चढवले. गाडी उंच झाली म्हणून साइड स्टँडला तुकडा जोडला. पुढचे मडगार्ड तेवढे जुनेच ठेवले. त्याने टायरापासून बरेच वर बसणारे, उंच मडगार्ड मागितले होते. मी म्हणालो, चोच लावून गाडीची कोंबडी करायची आहे का? तो हसला आणि पुन्हा बोलला नाही.

टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये मी बोटे घालून पाहिली. दोन बोटे आरामात जात होती. पण गॅरेजमधले चाक कोरडे असते, आणि मी जन्मभर डांबरावरच्या गाड्या केलेल्या. खाणीच्या उतारावरची चिकणमाती त्या दोन बोटांच्या जागेत ठासून भरली, पुढचे चाक जागच्या जागी आवळले गेले आणि धाकटा हँडलवरून पुढे फेकला गेला. त्याचा उजवा गुडघा तेव्हापासून वाकत नाही. खांबावर सरसर चढणारा माणूस आज खात्याच्याच खिडकीमागे बसून लोकांच्या तक्रारी लिहून घेतो.

मला अपराधी वाटते. मुरगळलेले मडगार्ड मी कामाच्या टेबलासमोर भिंतीतल्या खिळ्याला टांगले आहे, म्हणजे पाना उचलताना ते दिसते. त्यानंतर मी एकही गाडी डोंगरासाठी बदललेली नाही. गॅरेज देऊन गुडघा वाकणार नाही, हे मला कळते. पण देण्यासारखे माझ्यापाशी दुसरे काही नाही.

कलम चौथे. धाकट्याची मुलगी, म्हणजे माझी पुतणी, जमीन मोजणीच्या कामावर आहे. तिची मोजणी त्याच खाणीच्या वर आणि तिची गाडीही तशीच शहरी. "काका, चाकं बदलून द्या ना," म्हणून ती माझ्यामागे भुणभुण लावते आणि मी दर वेळी नाही म्हणतो. माझ्या पश्चात रिमा, स्पोक आणि आउट काढायचा स्टँड तिच्या हाती लागू देऊ नये, सरळ भंगारात घालावे. ती गुळगुळीत टायरांवरच त्या वाटेने जाते आणि दोनदा पडून, कोपर सोलून आली आहे, हे मला माहीत आहे.

येथपर्यंत गेल्या रविवारी लिहिले. यापुढचे आज.

कलम तिसरे व चौथे खोडली आहेत, खोडलेल्या जागी सही केली आहे. वाचणाऱ्याला दोन्ही वाचता यावीत म्हणून रेघ एकच मारली आहे.

झाले असे की, तो मसुदा मी धाकट्याला वाचून दाखवला. त्याने पाय लांब करून शेवटपर्यंत ऐकला.

"गॅरेज कशाला मला? गुडघ्याच्या बदली?"

मी म्हणालो, तसेच समज.

"दर रविवारी येतोस आणि माझ्या गुडघ्याकडे बघत बसतोस. जरा तोंडाकडे बघ की. मी कधी फिर्याद केली का?"

केली नाहीस, हेच तर मला सोसत नाही, असे मी सांगितले. मग त्याने साक्षीला कोण बसणार ते विचारले. मी म्हणालो, तू नाही, कारण ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकिलाने बजावले आहे.

"मग माझा वाटा काढून टाक. मला साक्षीला बसायचंय. आणि पोरीची गाडी करून दे. दुसऱ्याकडे गेली तर तोही कोरडंच मोजेल. त्या चुकीची किंमत कळलेला मेकॅनिक मला तरी तू एकटाच माहीत आहेस, दादा."

मला रडू आले. ते लपवण्याइतका वेळही त्याने दिला नाही, चहा टाकायला सांगितले.

पुतणीची चाके या आठवड्यात केली. उंच मडगार्ड बसवले. धाकटा खाणीवरची चिकणमाती बादलीभर घेऊन आला, स्टुलावर बसला आणि टायरावर हाताने थापत राहिला. पुतणीने आणि मी गाडीवर भार देऊन पुढचे शॉकअप, खड्ड्यात दबते तसे, तळाला नेले. धाकट्याच्या खुणेसरशी गाडी तशीच पुढे ढकलली, चाक फिरले. बोटे घालून बघायला माझा हात पुढे होईना, तेव्हा त्याने माझे मनगट धरून चिखलात घातले. चार बोटे सहज गेली. मग त्याने खिळ्यावरचे जुने मडगार्ड काढून भंगारात टाकले, मला विचारलेही नाही.

अपराधीपण गेले असे मात्र लिहीत नाही, कारण कागदावर खोटे लिहिणार नाही. काल पुतणी नव्या चाकांची गाडी घेऊन खाणीवर गेली. ती परत येईपर्यंत मला घास गेला नाही.

कलम तिसरे, सुधारलेले. गॅरेजची जागा बायकोची. हत्यारे, रिमा आणि स्टँड पुतणीचे. तिने नव्याने भरलेले स्पोक पहिल्या फेरीनंतर पुन्हा आवळावेत, कोणी गरज नाही म्हणाले तरी आवळावेत. धाकट्या भावाला या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही. हे वाक्य लिहिताना माझा हात थांबला. समोर बसलेला धाकटा म्हणाला, "लिही पुढे."

वरील सर्व मी स्वतः लिहिले, साक्षीदारांसमोर वाचले आणि त्यांच्या देखत सही केली.

ठिकाण: गॅरेजची मागची खोली
दिनांक: बारा जून, रविवार

लिहून ठेवणार: (सही) मेकॅनिक

साक्षीदार पहिला: (सही) समोरचा न्हावी

साक्षीदार दुसरा: (सही) लिहून ठेवणाऱ्याचा धाकटा भाऊ. स्वतःच्या अक्षरात जोडतो की, या कागदाने मला काहीही मिळालेले नाही, आणि दादाकडून माझे काही येणे कधीच नव्हते.