शेवटचा बदाम

लातूर,
१४ एप्रिल २०१६

ती. सौ. मार्थाअक्कास,
करुणाचा ख्रिस्तात सा. न. वि. वि.

रूथला तुझ्याकडे सोडून हे काल परत आले. सुट्टीभर तिला ठेवून घेतलंस, पोरीच्या आंघोळीची सोय झाली, त्याबद्दल आधी प्रभूचे आणि मग तुझे आभार. फोनवर आपण दोघी पाचव्या मिनिटाला भांडतो, म्हणून ठरल्याप्रमाणे पत्र लिहिते. पत्रात तुला मध्येच तोंड घालता येत नाही, हा मोठा फायदा.

इकडे रेल्वेनं पाणी आलं. बघायला निम्मं लातूर स्टेशनवर लोटलं होतं. आपल्या नळाला मात्र अजून त्याची खबर नाही. शेजारच्या उमाबाईंच्या बोअरला तासभर करंगळीएवढी धार येते. सकाळची लिंगपूजा आटोपली की त्या पहिली घागर आपल्या दारात आणून ठेवतात. मी माझ्या देवापाशी त्यांचं नाव घेते, त्या त्यांच्या देवापाशी माझं.

आता खरी काळजी सांगते. रूथनं प्रार्थना सोडली आहे. परसात तिनं पपईचं रोप लावलं होतं. आपल्या पिण्याच्या वाटणीतून रोज अर्धी बाटली राखून त्याला घालायची आणि ते जगू दे म्हणून देवाला सांगायची. मार्चच्या शेवटी रोप वाळलं. जेवणाआधीची प्रार्थना आमच्याकडे तीच म्हणायची. आता नुसती ताटाकडे बघत बसते. विचारलं तर म्हणाली, तिकडं कुणी ऐकून नाही राहिलं. नऊ वर्षांच्या लेकराच्या तोंडी हे!

तू तीस वर्षं संडे स्कूल घेतेस, तूच काही तरी कर. माझा जुना मोबाईल तिच्याजवळ आहे, त्यावर खेळत असते. तो एकदम काढून घेऊ नकोस.

भावजींना सलाम. उदगीर वेगळा जिल्हा झाला का, म्हणून यांनी विचारलंय. तुझी माया आहेच, तिला तरी टंचाई लागू देऊ नकोस.

तुझी,
करुणा


नांदेड,
२७ एप्रिल २०१६

चि. सौ. करुणा हिस,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र पोचलं. तुझे भावजी म्हणतात, उदगीर जिल्हा या वर्षी नक्की. रूथच्या जन्माआधीपासून ते हेच म्हणतात. रूथ खुशाल आहे, दोन वेळा अंग धुते आणि बादलीतलं उरलेलं पाणी माझ्या कढीपत्त्याला नेऊन घालते.

मोबाईल मी काढून घेतला नाही. त्याहून वाईट केलं. त्यात दोन खारूतायांचा एक खेळ आहे. खड्डे चुकवत, अरुंद पुलावरून डोंगरावर जायचं आणि तिथला विझलेला दिवा लावायचा. मी चष्मा लावून बघितलं, तर अरुंद वाट, दिवा, सगळं पवित्र शास्त्रातलंच! मग काय, माझ्यातली संडे स्कूलची बाई जागी झाली. प्रत्येक टप्प्याआधी एक वचन तोंडपाठ म्हणायचं, असा नियम केला. तिसऱ्या दिवशी रूथनं मोबाईल माझ्या हातात ठेवला आणि म्हणाली, मावशी, आता तूच खेळ. दोन दिवस ना खेळली, ना धड बोलली. तुझे भावजी म्हणाले, तू लेकराच्या खेळाचीसुद्धा परीक्षा करून टाकलीस. मला फार लाज वाटली. मी तिची माफी मागितली आणि मला खेळायला शिकव म्हटलं, वचनाबिचनाशिवाय.

आता रोज संध्याकाळी मोबाईलच्या एका कोपऱ्यावर तिचा अंगठा असतो, दुसऱ्यावर माझा. प्रत्येक खारीला तीन बदाम मिळतात, पत्त्यातल्यासारखे लाल. पडलं की एक जातो. तिन्ही गेले की खार खड्ड्यातच पडून राहते. मी रोज पडते, आणि त्याच एका खड्ड्यात पडते. रूथ तोवर दिव्यापाशी पोचलेली असते. तिच्याजवळ एकच बदाम उरलेला असतो, तरी सगळी वाट माघारी येते आणि तो मला देते. मग तिची खार खाली पडते आणि मी एकटी पुढे जाते. दिवा लागला की तिची खार पुन्हा उठून बसते.

मी तिला विचारलं, पोचली होतीस, मग माघारी का आलीस? ती म्हणाली, तू खड्ड्यात हायस, मी एकटीनं दिवा लावून काय करू?

करुणा, हरवलेल्या मेंढराची चित्रं कापडी फळ्यावर चिकटवता चिकटवता माझे केस पिकले. पण मी तो धडा नेहमी मेंढपाळाच्या बाजूनं शिकवला. खड्ड्यात बसून कधी वर बघितलं नव्हतं. या वयात ते एका लेकरानं दाखवलं, यासाठी मी देवाचे किती आभार मानू? तिला मात्र यातलं एक अक्षर बोलले नाही. प्रार्थना ती अजून म्हणत नाही, आणि मी म्हणायला लावतही नाही.

घरी सर्वांना सलाम. आठवण काढत जा, भांडायला तरी.

तुझी,
अक्का


लातूर,
५ मे २०१६

चि. रूथ हिस,
आईचे अ. उ. आ.

मावशीनं तुमच्या खेळाचं लिहिलं. ते पत्र मी चार वेळा वाचलं, आणि आता तुला लिहिल्यावाचून राहवत नाही.

तुझं रोप देवानं वाळवलं नाही. तू राखलेली बाटली त्या शेवटच्या आठवड्यात मी रोज चुलीवरच्या पातेल्यात ओतून घेतली. तू विचारलंस तेव्हा सांडली म्हणून सांगितलं. घरात आजीला ताप होता, तिच्या पेजेला पाणी नव्हतं, हे खरं. पण तुला विचारता आलं असतं. तू देवावर रुसलीस आणि मी त्याच्या आड लपून बसले, वर मावशीलाच साकडं घातलं. चूक माझी आहे, बाळा. तुला राग येईल तेवढा माझ्यावर कर, त्याच्यावर नको.

उमाआजी तुझी रोज चौकशी करतात. आईवरची माया सोडू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
आई


नांदेड,
१२ मे २०१६

प्रिय आईस,
रूथचा सा. न. वि. वि.

मला माहीत होतं. बाटली सांडली असती तर फरशी ओली झाली असती. मी हात लावून बघितलं होतं.

मला तुझाच राग आला होता. पण टँकरच्या लायनीत उभं राहून तुझे पाय लई सुजायचे, मग तुझ्यावर रागावता येईना. म्हणून देवावर रागावले. तो काही बोलत नाही आणि रडत पण नाही.

काल जेवणाआधीची प्रार्थना मी म्हटली. आधी त्याला सांगितलं की, तुझं नाव उगाच घेतलं. मग पाण्यासाठी आभार मानले, उमाआजीच्या घागरीसाठी मानले आणि आजीचा ताप गेला त्यासाठी मानले. भात पार गार झाला. मावशी डोळे उघडे ठेवून रडत होती. माझे पण उघडे होते, म्हणून दिसलं.

बाबांना मला न्यायला पाठव. पाणी आलं नसलं तरी पाठव. इथं दोन वेळा आंघोळ होते, पण तू तिकडं एकटी लायनीत आहेस.

खेळ मावशीला आता एकटीला येतो. तो खड्डा पण तिनं काल पार केला. तुझ्याजवळ एकही बदाम उरला नसेल तर घाबरू नको. माझ्याजवळ एक हाय, मी माघारी येऊन राहिले.

तुझी लाडकी,
रूथ