अकरा रजया आणि गुरमेजची खोली

स्मेथिक,
वैशाखीनंतरचा नववा दिवस

माझ्या विसरभोळ्या मिंदोला नसीबचा सत श्री अकाल, आणि समोर असतीस तर पाठीत एक धपाटा.

मी नसीब. तुझी थोरली बहीण, विलायतेत असते ती. ओळख सांगणं भाग आहे, कारण जानेवारीत लोहडीच्या सणाला पाठवलेल्या पत्राचं उत्तर अजून आलेलं नाही, आणि मागच्या फोनवर दहा मिनिटं गप्पा मारून झाल्यावर तू मला विचारलंस, कोण बोलतंय म्हणून. तुझे गुडघे कसे आहेत? म्हैस कशी आहे? (मी आधी म्हशीचं विचारलं होतं. हरलीनने क्रम बदलला. नातीला लिहायला बसवलं की ती आपल्याला सुधारायला लागते.) तुला हे वाचून दाखवणाऱ्या सूनबाईला आशीर्वाद. तिने तुझी निंदा गाळू नये, उलट जरा मोठ्याने वाचावी. इकडे सगळे खुशाल आहोत. महिन्यापूर्वी हे वाक्य लिहवून घेण्याची माझी छाती झाली नसती.

तुझे भाऊजी गेल्यापासून मी खालच्या पुढच्या खोलीत राहते आणि बाकीच्या खोल्या भाड्याने देते, हे तुला ठाऊक आहे, म्हणजे मी चार वेळा सांगितलेलं आहे. पाच भाडेकरू. दोघे ट्रक चालवतात, एक केरळची नर्स, एक कॉलेजात शिकणारी मुलगी, आणि जिन्याच्या डोक्यावरच्या इवल्याशा खोलीत गुरमेज. तो भाऊजींच्याच फाउंड्रीत होता. लग्न केलं नाही, मागेपुढे कुणी नाही, बावीस वर्षं त्या खोलीत आहे, आणि बावीस वर्षं माझ्या डाळीत मीठ कमी असतं. आता इथला कायदा असा, की एकमेकांच्या नात्यात नसलेली पाच किंवा जास्त माणसं एका स्वयंपाकघरात जेवण करत असतील तर घरमालकाला परवाना लागतो. बंदुकीला परवाना असतो हे मला माहीत होतं. भाऊजी गेले आणि तेव्हापासून मी परवान्याशिवाय माणसं ठेवतेय, हे हरलीनला मागच्या महिन्यात कळलं आणि तिचा चेहरा पीठ फासल्यासारखा झाला. तिने लगेच अर्ज भरला. त्यात एक प्रश्न असा, की अर्जदार ही योग्य आणि सचोटीची व्यक्ती आहे काय. एकोणऐंशी वर्षांत मला हे कुणी तोंडावर विचारलं नव्हतं. भाऊजींना पडला असेल हा प्रश्न, पण ते समजूतदार होते.

मग कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची, बाई पाहणीला आली. मिसेस हॉलिस. उंच, दोन्ही खिशांत पेनं, आणि चहा घेणार नाही म्हणाली. पराठा नाही, बर्फी नाही, पाणीसुद्धा स्वतःच्या बाटलीतलं. त्यांना कुणाकडून काही घ्यायची परवानगी नसते म्हणे. दारात आलेलं माणूस कोरड्या तोंडाने उभं आणि मी योग्य व्यक्ती असल्याचं सिद्ध करायचं, हे कसं जमावं? त्यातच तिने माझ्या कणकेच्या पोत्याला हात घातला. स्वयंपाकघराला तसलं जाड दार आहे, आग अडवणारं, आपोआप मिटणारं. ते मिटू नये म्हणून मी त्याला दहा किलोचं पोतं लावून ठेवते. (चुलीपाशी जायचं दार मिटलेलं असलं तर आलेल्याला काय वाटेल?) तिने पोतं उचलून बाजूला ठेवलं आणि लिहून घेतलं. मग तिची नजर वर गेली. धुराच्या भोंग्याला मी न्हाणीतली प्लॅस्टिकची टोपी घातलेली होती, कारण फोडणी दिली की तो माझ्याआधी ओरडतो. तिने टोपी काढली, लिहून घेतलं, आणि भोंगा चालतो का असं विचारलं. डाळ तयारच होती. मी तुपात चार लाल मिरच्या सोडल्या. घरातले सातही भोंगे एकदम बोंबलले, रात्रपाळी करून झोपलेली नर्स बादली घेऊन खाली आली, आणि मिसेस हॉलिस खोकत खोकत अंगणात गेली. तिथून तिने मान हलवली. चालतो.

तोवर मला एक अक्कल सुचली होती. सगळे नात्यातले असले तर परवानाच नको ना? मी हरलीनला म्हटलं, सांग बाईला, ही सगळी माझीच. खोटं काय त्यात? ट्रकवाले मला आईसारखं बीजी म्हणतात, मुलींच्या डोक्याला मी तेल लावते, गुरमेजला तर दर वर्षी राखी बांधते. हरलीन इंग्रजीत काय बोलली देव जाणे, पण बाईचं पेन थांबलं. तिने गुरमेजला विचारलं, तुम्ही यांचे भाऊ कधीपासून? आणि हा सत्यवादी छाती काढून म्हणाला, "वरची खोली रिकामी झाली तेव्हापासून."

तर परवाना लागणारच. बाईने खोल्या मोजायला घेतल्या, भिंतीवर लाल ठिपका पाडणाऱ्या यंत्राने. एका माणसाच्या झोपायच्या खोलीला साडेसहा चौरस मीटर आणि वर बोटभर जागा हवी. गुरमेजची सहासुद्धा भरली नाही, त्यालाही पाटाएवढी जागा कमी. इतक्या जागेत कुणाला झोपवता येणार नाही, बाई म्हणाली, आणि मिंदो, तिलाही ते म्हणायला आवडलं नाही हे मला दिसलं. संध्याकाळी वर गेले तर गुरमेजने पलंगावर बॅग उघडली होती. दोन पगड्या, रेडिओ, दाढीचा कंगवा. बावीस वर्षांचं सामान एका बॅगेत मावून वर जागा उरली होती. मी म्हटलं, कुठे निघाला? तर म्हणाला, "बहेनजी, कायद्याशी भांडू नका. मी काय, कुठेही मावतो."

माझं डोकं फिरलं. मी त्याची बॅग पलंगाखाली सरकवायला गेले आणि ती कपाटाला अडली. ते कपाट. भाऊजींनी फाउंड्रीतल्या खोक्यांच्या फळ्या ठोकून भिंतीपासून भिंतीपर्यंत बांधलेलं, आत माझी पेटी. त्याची किल्ली माझ्या गळ्यात असते आणि मी ते कुणाला उघडू देत नाही. पेटीत काय आहे हे तू तरी विसरली नसशील. अकरा रजया. माझं लग्न ठरल्यावर आपण दोघींनी अंगणात बसून शिवलेल्या, आपल्या शेतातल्या कापसाच्या. दहा माझ्या आणि एक तुझी, जिचे टाके बकरी चालल्यासारखे आहेत. पाहुण्यांसाठी म्हणून ठेवल्या होत्या. पाहुणे म्हणजे कोण, ते तुला माहीत आहे. पुढच्या वैशाखीला येते, असं तू किती वैशाख्या म्हणते आहेस?

हरलीनने कौन्सिलला फोन केला. बाई म्हणाली, भिंतीला ठोकलेल्या कपाटाखालची जमीन मोजत नाहीत, कपाट काढलंत तर मोजेन. रविवारी ट्रकवाल्यांनी फळ्या उचकटल्या. मी जिन्यात बसून त्यांना हळू, हळू म्हणत होते, जसं काही आत बाळंतीण झोपली आहे. गुरमेज एकेक रजई छातीशी धरून खाली आणत होता आणि कुठे ठेवू, कुठे ठेवू असं विचारत होता. ठेवायला जागा नव्हती. मग मी त्या वाटून टाकल्या, प्रत्येकाला दोन. आयुष्यात पहिल्यांदा त्या रजयांखाली कुणी झोपलं. नर्स म्हणते, अंगावर सासू बसल्यासारखी वाटते, पण झोप गाढ लागते.

मिसेस हॉलिस परत आली. लाल ठिपका या भिंतीवरून त्या भिंतीवर गेला. मी वाहेगुरूचं नाव घेत होते, गुरमेज डोळे मिटून उभा होता. सहा पॉइंट नऊ. बाई स्वतःच हसली, घड्याळात पाहिलं, आता माझी जेवणाची सुट्टी सुरू झाली म्हणाली, आणि पर्समधून एक नाणं काढून टेबलावर ठेवून दोन पराठे खाल्ले. परवाना आता गुरूंच्या तसबिरीखाली लावला आहे. गुरमेज रोज सकाळी तो ओठ हलवत वाचतो. काल म्हणाला, डाळीत मीठ बरोबर आहे. मला काळजीच वाटली.

सगळ्यांना आशीर्वाद, म्हशीलाही.

तुझी,
नसीब

ता. क. वरचं वाचून वाटेल की हे सगळं मी गुरमेजसाठी केलं. हरलीन म्हणते की तसंच राहू दे, वाचायला बरं वाटतं. पण बाई पहिल्यांदा आली तेव्हा सगळ्यात आधी मी तिला वेगळंच विचारलं होतं: माझी बहीण गावाहून आली तर तिची परवान्यात मोजणी होणार का? ती म्हणाली, पाहुण्याला मोजत नाहीत. किती दिवसांपर्यंत पाहुणी, ते मी मुद्दामच विचारलं नाही.

आणखी एक. दहाच रजया वाटल्या. बकरीच्या टाक्यांची अकरावी माझ्या पलंगावर घडी करून ठेवली आहे. झोपायला जागा कुठे, या तुझ्या सबबीचा आता निकाल लागला. पलंग रुंद आहे, आणि तू घोरतेस हे मला माहीत आहे. हरलीनने व्हिसाचा अर्ज अर्धा भरला आहे, तिला तुझ्या पासपोर्टचा नंबर हवा. पासपोर्ट मक्याच्या पिठाच्या डब्यात तळाशी आहे. तूच ठेवलास, मला फोनवर सांगितलंस आणि विसरलीस.

शेवटचं. अळशीच्या पिन्न्या लाडूएवढ्या वळून पाठव, गूळ बेताचा, डिंक भरपूर. गुरमेजसाठी बडीशेप घातलेला गूळ पाठव. पोस्टाने नको, फुटतात. कुणा जाणाऱ्या-येणाऱ्याकडे नको, वाटेत खातात. तुझ्याच हाती पाठव.